पान दोनशे एक्केचाळीस

आमच्या घरात त्या कादंबरीला नावानं कुणी हाक मारली नाही. ती 'मोठी' होती. दोन भाग, सलग पृष्ठांक, एकूण नऊशे बारा पानं. अण्णांनी दोन्ही भागांना खाकी कव्हर घालून पाठीवर शाईनं एक आणि दोन एवढंच लिहिलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, अंबादास मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी हायस्कुलात मराठी शिकवलं. अजूनही शाहूपुरीतून त्यांना घेऊन चालले की दर दुसऱ्या दुकानातून कुणीतरी विद्यार्थी उठून नमस्कार करतो आणि म्हणतो, "सर, ती नदीवरची मोठी कादंबरी वाचायची राहिलीच बघा." अण्णा म्हणतात, "वाच. शेवट वाच, मग माझ्याशी बोलायला ये."

मलाही ते हेच म्हणाले होते. मी सतरा वर्षांची होते, अकरावीला शास्त्र शाखा घेतली होती. अण्णांना वाईट वाटलं असावं, पण त्यांनी तसं म्हटलं नाही. पहिला भाग माझ्या हातात देऊन म्हणाले, "पूर्ण वाच. मग बोलू."

त्याला आता चौतीस वर्षं झाली. मी रसायनशास्त्र शिकले, माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले, आणि आई गेल्यापासून अण्णा आणि मी दोघंच एका घरात राहतो. आमचं बोलणं भांडणाचं नसतं. भाजी कुठली, पाणी आलं का, गोळी घेतली का, इतकंच असतं. ज्या बोलण्याचं त्यांनी कबूल केलं होतं ते व्हायचं राहिलं, कारण माझी कादंबरी पूर्ण झाली नाही.

प्रयोगशाळेतल्या माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी आहे. वाचायच्या आणि पुन्हा वाचायच्या कादंबऱ्या, एकूण अकरा. पहिल्या क्रमांकावर 'मोठी', आणि तिच्यापुढे पेन्सिलनं नोंदी : १९९१, पान १८८. १९९८, पान २३१. २००४, पान ९७. २०१३, पान २१४. २०२०, पान २४०. प्रत्येक नोंदीमागं काहीतरी कारण होतं. परीक्षा, बदली, आईचं आजारपण. आणि प्रत्येक वेळी पुढच्या खेपेला मी पान एकपासून सुरुवात केली होती. मधे वर्षं गेली की धागा तुटतो, आणि धागा तुटलेलं वाचन मला खरं वाटत नाही. नमुन्याच्या पिशवीवरची चिठ्ठी पुसट झाली तर आम्ही अंदाजानं नाव घालत नाही. ती माती टाकून देतो, शेतकऱ्याला नवीन नमुना आणायला सांगतो. मला तीच सवय.

या दिवाळीनंतर राजसचा फोन आला. राजस माझा धाकटा भाऊ, बंगळुरूला असतो. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला आहे. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही, कडेचा दरवाजा दिसतो. तिकडे इंजेक्शनं देणारे एक डॉक्टर आहेत. "एकोणतीस तारखेला शनिवारी गाडी घेऊन येतो," राजस म्हणाला. "निदान पाच-सहा महिने तरी राहू देत इकडे. पुढचं पुढं बघू."

अण्णा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. 'पुढचं पुढं' म्हणजे काय ते मला कळत होतं.

मी तीन नोव्हेंबरला, सोमवारी, कादंबरी काढली. सव्वीस दिवस, नऊशे बारा पानं. रोज पस्तीस. पान एकपासून.

संध्याकाळी अण्णांनी पानं उलटण्याचा आवाज ऐकला. "काय वाचतेस?"

"मोठी."

त्यांनी मान आवाजाच्या दिशेनं वळवली. मग म्हणाले, "बरं."

शनिवारी रात्री मी एकशे बारा पानांवर होते. असायला हवं होतं दोनशे दहावर. प्रयोगशाळेत ऊसवाल्यांची गर्दी होती, घरी आल्यावर डोळे मिटत होते. शिवाय ही पानं मला जवळजवळ पाठ होती. सगुणा नावेत बसते, पलीकडच्या काठावर तिचा भाऊ उभा असतो, पाणी वाढतं. पाचव्यांदा वाचताना जसं झालं होतं तसंच सहाव्यांदा. डोळे ओळींवरून पुढं जात आणि मन मागंच राही. मी हिशेब पुन्हा मांडला. रोज चाळीस पानं. ते होणार नव्हतं.

सोमवारी दुपारी डबा खाताना पुस्तक टेबलावर उघडं होतं. तानाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मलकापूरच्या अलीकडच्या एका वाडीतून त्या दर चार-पाच वर्षांनी माती घेऊन येतात. मुलगा मोबाइलवर रिपोर्ट मागवू म्हणतो, पण त्यांना कागद हातात लागतो.

"या, बसा. मातीसाठी खड्डा व्ही आकाराचा घेतला का?"

"घेतला की. तुमी मागल्या बारीला माती परत धाडलीसा, तवापास्नं ध्येनात हाय." त्यांनी पिशवी ठेवली आणि पुस्तकाकडं पाहिलं. "ह्ये खाकी पुस्तक मी बघितलंय. तोंडाला फडकं बांधून आलतो, कोरोनात, तवाबी हितंच हुतं."

"हेच होतं."

"आजून झालं न्हाय?"

"दर वेळी मधेच राहतं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं."

"पयल्यापास्नं? का वो? मास्तर मारत्यात काय?"

"मधे खंड पडतो ना, तानाबाई. सलग वाचलं तरच नीट वाचल्यासारखं होतं."

तानाबाईंनी माझ्याकडं, ताप आलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. "आवो बाई, सांजच्याला औत सोडलं तर दुसऱ्या दिशी कुठनं जुपायचं? सोडलं तितनंच की! रोज बांधापास्नं नांगराय लागलो तर पेरायचं कवा? मेल्यावर?"

"पण मागचं विसरलेलं असतं."

"इसरलं तर इसरलं. रान सांगतंय की, हितवर झालंय, हितनं म्होरं चल म्हणून." मग माझा डबा बघून म्हणाल्या, "आनि एवढ्याशा भातावर एवढं जाड पुस्तक हुतंय व्हय? नीट जेवत जावा."

त्या गेल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. माती चाळताना मी नेहमी ढीग चार भागांत वाटते, समोरासमोरचे दोन भाग टाकते, उरलेले दोन एकत्र करते. अर्धी माती टाकलेली असते, तरी उरलेली माती शेताबद्दल खरं तेच सांगते. हे मी अठ्ठावीस वर्षं करत आले आहे आणि कुणाला त्यात खोटेपणा वाटलेला नाही.

वहीतली शेवटची नोंद दोनशे चाळीसची होती. मी पान दोनशे एक्केचाळीस काढलं.

पहिली दहा पानं चोरी केल्यासारखं वाटलं. मग मी ते विसरले. कारण दोनशे एक्केचाळीसपुढं काय आहे हे मला माहीतच नव्हतं. सगुणा मोठी झाली. तिच्या भावानं नाव विकली. नदीवर पूल बांधायला साहेब आले. मी बसथांब्यावर वाचू लागले, कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरू लागले. रोज चाळीस, कधी पन्नास.

अण्णा संध्याकाळी विचारत, "कुठवर आलीस?"

"तीनशे दहा." दुसऱ्या दिवशी, "तीनशे साठ." ते मान हलवत आणि पुढं काही विचारत नसत. मला वाटे, ते शेवटासाठी थांबलेत.

एकोणीस तारखेला, बुधवारी, मी दुसऱ्या भागात सहाशे एक्केचाळीसाव्या पानावर पोचले. पुलाचा पहिला खांब उभा राहिला होता आणि सगुणा काठावर येऊन बसली होती. मी पान उलटायला गेले आणि दोन पानं एकत्र आली. चिकटली असतील म्हणून पाहिलं. चिकटलेली नव्हती. छापखान्यात मोठा कागद घडी करून पुस्तक शिवतात आणि मग कडा कापतात. इथे वरची कड कापायची राहिली होती. सोळा पानांची ती घडी वरून बंद होती. पुढची घडीही बंद. मी शेवटपर्यंत मोजल्या. सतरा घड्या, दोनशे बहात्तर पानं. एकही कापलेली नव्हती.

समासात अण्णांच्या पेन्सिलच्या बारीक रेघा होत्या. त्या सहाशे एकोणचाळीसवर थांबल्या होत्या. निष्कर्ष काढण्याआधी दुसऱ्या शक्यता तपासायच्या असतात. त्यांनी वाचनालयातली दुसरी प्रत वाचली असेल का? असेलही. पण स्वतःच्या प्रतीतली पानं न कापता त्यांनी ती पंचेचाळीस वर्षं खाकी कव्हरात जपली असती का? ते पटत नव्हतं.

संध्याकाळी सात वाजता अण्णा खुर्चीत बसले होते. नेहमीसारखं विचारलं, "कुठवर आलीस?"

"सहाशे एक्केचाळीस."

या वेळी त्यांनी मान हलवली नाही.

"पुढची पानं कापलेली नाहीत, अण्णा."

"हं," ते म्हणाले. मग खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत, "कितीदा ठरवलं. राजस झाला त्या वर्षी तिथवर आलो होतो. मग बारसं, मग पेपर तपासणी. पुन्हा हातात घेतली तर मागचं आठवेना. म्हणून पहिल्यापासून काढली."

"तुम्हीपण?"

"चारदा. पाचदा. मग वर्गात एकदा बोलून गेलो, शेवट फार मोठा आहे म्हणून. एवढी मोठी कादंबरी, शेवट मोठा असणारच. एकदा बोलल्यावर मागं कसं घ्यायचं?"

"कुणी विचारलं नाही काय होतं शेवटी?"

"विचारणाऱ्याला म्हणायचो, आयतं मागू नकोस, स्वतः वाच." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "कुणी वाचून आलाच नाही. वाचलो मी."

मला हसू आलं. मग त्यांनाही आलं, पण त्यांचं लवकर थांबलं. "तुला मात्र मी वेगळ्या कारणानं सांगितलं होतं. तू अर्धं काही सोडत नाहीस. म्हटलं, ही पूर्ण करील आणि मग मला सांगील. मग आपण बोलू. थापा न मारता."

माझ्या डोक्यात चौतीस वर्षं एक परीक्षक बसलेला होता. तो खुर्चीतून उठून माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखं झालं.

मी आत जाऊन स्टीलची पट्टी आणली आणि पुस्तक धरून पहिली घडी कापू लागले. कागद तिरका फाटला.

"आण इकडे," अण्णा म्हणाले. "तुझा हात माती चाळायचा आहे." त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, नखानं घडी चाचपली, पट्टी आत सरकवली आणि एका दमात वर ओढली. समोरचं काहीही न दिसणाऱ्या माणसानं कापलेली ती कड माझ्यापेक्षा सरळ होती. सोळा पानं मोकळी झाली. बारीक धूळ उडाली.

"हं, वाच."

"मागचं थोडं सांगू का आधी?"

"काही नको. खांब उभा राहिलाय आणि सगुणा काठावर बसलीय. तिथनं पुढं."

त्या दिवसापासून रोज सात ते नऊ. अण्णा रोज एक घडी कापत, कधी दोन. मधेच मला थांबवत. "हे साहेबाचं बोलणं पटतं का तुला?" मी सांगे, पुलाच्या पायाची माती जशी वर्णन केली आहे तशी नदीकाठी नसते, तिथे खांब खचेल. अण्णा म्हणत, "लेखकाला ठाऊक असेल ते. खचवायचाच असेल त्याला." मग आम्ही त्यावर वाद घालत असू आणि जेवण थंड होई. आठशे तेराव्या पानावर तो खांब खचला. अण्णांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "नंदिनी, तू खरी निघालीस! मातीनं सांगितलं तुला!"

"तुम्हीही खरे निघालात. त्याला ठाऊक होतं."

मधे तानाबाई रिपोर्ट न्यायला आल्या. त्यांच्या मातीत जस्त कमी होतं, ते मी समजावलं. कागदाची घडी घालत त्यांनी विचारलं, "मग, नांगरट कुठवर आली?"

"थोडी राहिलीय."

"राहू द्या की. सोडलं तितनं धरा म्हंजे झालं."

अठ्ठावीसच्या रात्री नऊ वाजता आम्ही आठशे ऐंशीवर होतो. दोन घड्या, बत्तीस पानं उरली. मी पुढं वाचायला तयार होते. अण्णांचा आवाज मात्र थकला होता. "शेवट घाईनं नको," ते म्हणाले.

सकाळी राजस आला. बॅगा गाडीत गेल्या. अण्णा बूट घालून पुन्हा खुर्चीत बसले आणि पट्टी मागितली. राजस दारातून ओरडला, "अण्णा, हे काय सुतारकाम काढलंय? निपाणीच्या पुढं ट्रॅफिक लागतो!"

"दोनच राहिल्यात. हिला सरळ कापता येत नाही."

"मग पुस्तकच घ्या की बरोबर. अवंतिका वाचून दाखवील तुम्हाला."

"तुझी लेक 'ळ' म्हणताना अडखळते," अण्णा म्हणाले. "आणि ही कादंबरी आमच्या दोघांची आहे." त्यांनी शेवटची घडी कापली, कड बोटानं तपासली आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "पुढं वाचायचं नाही. शपथ."

"नाही वाचणार."

गाडी गेली. घरात मी एकटी होते, पुस्तकाची सगळी पानं पहिल्यांदाच मोकळी होती. दिवसभर ते टेबलावर होतं. मी त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला फोन वाजला.

"पोचलो काल. डॉक्टर मंगळवारी बघतील. पंखा फार आवाज करतो इथला." मग जरा थांबून, "कुठवर आलो होतो?"

"आठशे ऐंशी. मागचं थोडं सांगू?"

"नंदिनी."

"बरं, बरं," मी म्हटलं आणि पान आठशे एक्क्याऐंशी उघडलं.