पेजेने चिकटवलेली पाने

आपल्या माणसाविषयी छापले गेलेले असत्य त्याला ऐकवावे, की त्याच्यापासून दूर ठेवावे? ऐकवले तर मायेला बाध येतो. लपवले तर विश्वासाला. शास्त्रांत या प्रश्नाचे उत्तर असेलही. चामोर्शीजवळच्या त्या गावात रुखमाबाईंनी मात्र ते भाताच्या पेजेने दिले होते, आणि वाचनालयाचा ग्रंथपाल अश्वजित त्या चिकटलेल्या पानांचे पुस्तक घेऊन रविवारी सकाळीच त्यांच्या अंगणात उभा होता.

"बाई, हे दोन पानं चिपकले कसे?"

रुखमाबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबले नाही. "छापखान्यातूनच तसे आले असन."

"छापखान्यात भाताचं शीत कुठून आलं जी?"

सूप थांबले.

ओसरीवर बाजेवर बसलेले देवाजी हे त्यांचे यजमान. अरण्यातील एका लाकूड-आगारात त्यांनी मोजणीदार म्हणून आयुष्य वेचले. निवृत्तीनंतर काचबिंदूने दृष्टी गेली, तेव्हापासून रुखमाबाई वाचतात आणि ते ऐकतात. वाचनालयात नवे पुस्तक आले की कपाटात जाण्यापूर्वी ते या ओसरीवर येते, आणि रविवारच्या सायंकाळी वाचनालयाच्या सभेत देवाजी त्याविषयी आपले मत सांगतात. ही रीत कोणी घालून दिली, ते आता कोणाला आठवत नाही. बोलण्यापूर्वी ते पुस्तकाच्या पाठीवर बोटाच्या पेराने ठोकतात. ओंडका आतून पोकळ आहे का, हे पाहण्याची ती जुनी सवय.

एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीविषयी ते म्हणाले होते, "साल जाड आहे, गाभा पातळ. राजा घोड्यावरून उतरतच नाई. जेवते कधी?" एका काव्यसंग्रहाविषयी, "पोरगा चांगला आहे, पन त्याले अजून कोनी सोडून गेलं नाई. दहा वर्सानं परत लिवावं." परदेशप्रवासाचे एक वर्णन मात्र त्यांना फार रुचले होते. "हरेक शहरात त्याले घरची भाजी आठवते. खोटं नाई बोलला बिचारा."

अश्वजितच्या हातातील पुस्तक एका निवृत्त वनाधिकाऱ्याच्या आठवणींचे होते. देवाजींनी त्यांच्या हाताखाली काम केले होते. चिकटलेल्या पानांत आगाराला लागलेल्या आगीची हकीकत होती: मोजणीदार भरदुपारी दारू पिऊन झोपला, म्हणून आग पसरली. नाव दिलेले नव्हते. परंतु त्या आगारात मोजणीदार एकच होता, हे गावाला ठाऊक होते. देवाजींच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण आहे. जळते ओंडके ओढताना तो झाला. कितीतरी दिवस त्यावर रुखमाबाईंनीच मलम लावले होते.

"पुस्तक वाचनालयाचं आहे, बाई," अश्वजित हळू आवाजात म्हणाला. "असं चिपकवलेलं कपाटात कसं ठेवू?"

"ठेव ना बाबू. त्या पानावाचून कोनाचं काय अडलं? जनमभर दारूले शिवले नाईत ते. आता हे मी त्यायच्या कानात वतू?"

"काय चिपकलं रे अश्वजित?" ओसरीवरून प्रश्न आला.

अश्वजितने पुस्तक मिटले.

"मले वाटलंच," देवाजी म्हणाले. "आग लागली, अन् तू एकदम पावसाळ्यात गेली. मी म्हनलं, एवढा लिवनारा साहेब, आग इझवल्याबिगर पुढं काऊन गेला? आज सभेत तेच सांगनार होतो. पुस्तक मधातच तुटलं आहे म्हून." "म्हंजे लिवनाऱ्यावर खोटा आळ घेतला असता मी. तुह्या पेजेपायी."

रुखमाबाईंनी पदराने तोंड पुसले. अश्वजितच्या हातून पुस्तक घेऊन त्या उठल्या. चुलीवर भाताला कढ आला होता. त्यांनी झाकण सारले आणि ती पाने वाफेवर धरली. शीत मऊ झाल्यावर सुरीचे पाते फिरवून पाने अलग केली. कागदाला एक सुरकुती तेवढी राहिली.

"मी वाचू काय, भाऊ?" अश्वजितने विचारले.

"नाई. आखं पुस्तक तिच्या आवाजात ऐकलं. एक पान दुसऱ्याच्या आवाजात कसं घेऊ?"

रुखमाबाई वाचू लागल्या. दारूच्या शब्दापाशी आवाज खाली गेला.

"मोठ्यानं वाच."

त्यांनी तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने वाचले. पान संपले. देवाजींचा डावा हात उजव्या हाताच्या व्रणावर होता. तो तेथेच राहिला.

"तुमी आज सभेत जाऊ नका," रुखमाबाई म्हणाल्या. "पानठेल्यावरचा झिंगू हासन. सारा गाव हासन."

"आता पुढचा पावसाळा वाच," देवाजी म्हणाले. "जोड बसते का पाहू दे."

सायंकाळी सतरंजीवर नेहमीची मंडळी जमली. पुढेच पानठेलेवाला झिंगू होता. रहस्यकथांपलीकडे तो काही वाचत नसे. पण सभा त्याने कधी चुकवली नाही. प्रथम यशस्वी होण्याचे मार्ग सांगणारे एक पुस्तक निघाले.

"लेखक म्हनते, पहाटे उठा," देवाजी म्हणाले. "आपल्या गावात सारेच पहाटे उठते. मंग यश कुठी अडकलं?"

"नागभीडच्या जंक्शनावर गाडी बदलून राह्यलं असन, भाऊ!" झिंगू म्हणाला आणि सभा हसली.

मग देवाजींनी दुसरे पुस्तक हातात घेतले. पाठीवर ठोकले. रुखमाबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

"या साहेबाले झाडं दिसते. सागाच्या फुलाचं पान मी दोनदा वाचून घेतलं. वाघीन समोर आली तवा साहेब भेला, अन् भेलो म्हून त्यानं लिवलं. ते खरं पान. मंग एका पानात आगाराले आग लागते. मोजनीदार दारू पिऊन झोपला रायते."

काही माना देवाजींच्या उजव्या हाताकडे वळल्या.

"भाऊ," झिंगू चाचरत म्हणाला, "तो मोजनीदार म्हंजे..."

"तो पुस्तकातला मानूस आहे, झिंगू. मी पुस्तकाचं बोलून राह्यलो." त्यांचा स्वर चढला नाही. "ते पान कच्चं आहे. आग आहे, पन धूर नाई. कोनी खोकलत नाई. साहेबानं हत्तीनीले नाव देल्लं, नाल्याले देल्लं. त्या मानसाले नाई देल्लं. बिगरनावाच्या मानसावर काईई टाकता येते. तेवढ्या जागी कीड आहे. बाकी लाकूड चांगलं आहे. पुस्तक कपाटात ठेवा."

त्यांनी पुस्तक पुढे केले. अश्वजितने ते दोन्ही हातांनी घेतले.

"पहिल्यांदा माह्या नावावर लिव," झिंगू म्हणाला.

"तू काऊन? त्यात खून नाई," अश्वजित म्हणाला.

"सागाच्या फुलाचं पान पाहाचं आहे मले," झिंगू म्हणाला, आणि या वेळी कोणी हसले नाही.

परतताना रुखमाबाईंनी यजमानांचा हात धरला होता. वाटेच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या.

"आता कोनतं पुस्तक आहे?" देवाजींनी विचारले.

"रांधाचं आहे. पुन्याच्या बाईनं लिवलं."

"वाच. सारं वाच. मीठ जास्त झालं असन, तरी वाच."

"हो जी," रुखमाबाई म्हणाल्या.

त्या वाचणारीचा कंठ आणि त्या ऐकणाऱ्याचे कान परस्परांना चिरकाल लाभोत. आणि ज्यांच्या लेखणीतून ते पान उतरले, त्यांनाही जेथे असतील तेथे असाच वाचक भेटो.