अस्वलाले पाठ दाखवाची नाई

तुळशीरामला नाही म्हणता येत नसे. नाही म्हणायची वेळ आली की त्याची मान आपोआप वरखाली व्हायची, आणि दुकानदाराला तेवढं पुरे असतं. एकदा शेगावला टॉर्चचे सेल आणायला गेला आणि इस्त्री घेऊन आला. तेव्हा सोनाळ्यात त्याच्या घरी वीजही आलेली नव्हती. त्याच्या बायकोनं, तानुबाईनं, ती इस्त्री दोन वर्षं लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवली. माणूस वाईट नव्हता हो, भिडस्त होता. ‘भीड भिकेची बहीण’ हे तानुबाई त्याला भाकरीबरोबर रोज वाढायची, आणि तो तेही मान डोलावून खायचा.

एकोणनव्वद सालच्या वैशाखात त्यांची लेक बेबी बाळंतपणाला माहेरी आली. लेकरू झालं ते ऐन उन्हात. वर पत्रे, खाली तापलेली भुई. पोराच्या अंगभर घामोळ्या उठल्या. ते दिवसभर किरकिर करी, आणि ओली बाळंतीण सुपानं वारा घालून घालून हात भरून आले की त्याच्याबरोबर रडायला बसे. नातवाचं ते रडणं तुळशीरामच्या काळजाला लागलं. त्यानं शेगावच्या हिंमतरावाच्या दुकानातून टेबलफॅन आणला. फॅन दोन दिवस झकास फिरला. बारशाच्या दिवशी पाहुण्यांसमोर खर्र करून बसला तो बसलाच.

“बदलून आणू,” तानुबाई म्हणाली. “मी येते संगं. तुम्ही तिथी बोलू नोका. मान बी हालवू नोका.”

गुरुवारी सकाळी पंखा पोत्यात घालून दोघं एस.टी.नं शेगावला उतरली. गुरुवार म्हणजे महाराजांच्या दर्शनाची गर्दी. ती गर्दी देवळातून निघाली की निम्मी बाजारात यायची आणि बाजारातली निम्मी हिंमतरावाच्या दुकानात अडकायची. त्याची पद्धतच तशी होती. गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की खुर्ची. खुर्चीवर टेकलं की चहा. चहा प्यायलेल्या माणसाला रिकाम्या हातानं उठायची लाज वाटते, हे हिंमतरावाला पक्कं ठाऊक. मग ‘घेऊ नका, हातात तं धरून पाहा’. मग ‘अख्ख्या शेगावात हा एकच पीस’. मग ‘चार वाजता खामगावची पार्टी येऊन राह्यली याच्यासाठी’. मग ‘उद्या भाव वाढते’. हे बोलता बोलता त्याचे हात खोक्याला सुतळी बांधत असायचे. एवढं करूनही कोणी उठून पाठ फिरवलीच, तर मागून ती गोड हाक यायची, “काका, ऐका तं!” आजवर त्या हाकेनं तुळशीराम सात वेळा दारातून परत फिरला होता.

“या काका, या काकू! बसा!” हिंमतरावानं खुर्च्या झटकल्या. “ए, दोन चहा सांग रे!”

“चहा नोको,” तानुबाईनं पोतं टेबलावर उपडं केलं. “पंखा बंद पडला. बदलून द्या. बाळंतीण हाय घरात.”

“आपला पंखा बंद पडतच नाही काकू. तुमची लाइट खराब. व्होल्टेज वरखाली होते.” हिंमतरावानं फळीवरून एक लोखंडी डबा काढून तुळशीरामच्या मांडीवर ठेवलासुद्धा. “हा स्टॅबिलायझर लावा. पंखा फिरन, लेकरू झोपन. घेऊ नका, हातात तं धरून पाहा.”

“गॅरंटी देल्ली होती ना तुम्ही?”

“गॅरंटी पंख्याची हाय काकू. लाइटची कोण देईन?”

तुळशीरामची मान हलायला लागली. तानुबाईनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की मान जागच्या जागी थांबली. “काऊन हो, डबा लावला आन् तरी नाई फिरला तं?” तिनं मोठ्यानं विचारलं. दुकानात उभी असलेली चार माणसं वळून पाहू लागली. गिऱ्हाइकासमोर बिघडलेल्या मालाची चर्चा म्हणजे धंद्याचं वाटोळं. हिंमतरावानं चटकन विषय बदलला.

“ते पाहू आपण सावकाश. चहा येऊ द्या. तवरोक काकांना आपला खेळ दाखवतो. मुंबईहून आणला!”

कोपऱ्यात काळापांढरा टीव्ही होता. त्याला वायरीनं एक डबा जोडलेला, डब्याला एक दांडी आणि लाल बटण. वर पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं होतं: ‘भुताची हवेली. पाच भुतं पार करा, खेळ फुकट घरी न्या.’ ही पाटी महिनाभर लटकत होती. कॉलेजची पोरं येऊन बटणं बडवून गेली, एक फौजदारही घाम पुसत गेला, पण तिसऱ्या भुतापलीकडं कोणी पोचलं नव्हतं. खुद्द हिंमतराव दुसऱ्यालाच मरायचा. म्हणूनच तर पाटी इतक्या मोठ्या मनाची होती. खेळ एकच होता, विकायचा नव्हता; पण खेळणारे हरत, चिडत, आणि ते बघायला जमलेल्या गर्दीतलं कोणी ना कोणी दुकानातलं काहीतरी विकत घेऊन जाई.

तुळशीरामनं मांडीवरचा डबा खाली ठेवला, खुर्ची टीव्हीपुढं ओढली आणि दांडी धरली. पडद्यावर कंदील घेतलेला एवढासा माणूस दिसला. त्याला उजवीकडच्या दारापर्यंत न्यायचं होतं. दोन पावलं गेली नाहीत तोच मागून काहीतरी काळं, केसाळ, गुरगुरत धावून आलं.

“आबाबा! मेलो!” तुळशीराम दांडी सोडून खुर्चीसकट मागं सरकला. पडद्यावरचा माणूस आडवा झाला. दुकानभर हशा पिकला. तुळशीरामचे कान तापले. पंखा राहिला बाजूला, वरून फजिती.

“काऊन पळाले?” तानुबाई पडद्याजवळ तोंड नेऊन पाहत होती.

“अवं, भूत होतं!”

“भूत कुठीचं? अस्वल हाय ते!”

पुन्हा हशा. पण तानुबाई हसत नव्हती. सोनाळ्याच्या पाठीला सातपुडा. मोहफुलं वेचायला ती लहानपणापासून पहाटे जंगलात जायची, आणि मोहाच्या झाडाखाली अस्वलही तेच वेचायला येतं. तिच्या आईनं तिला चालायला शिकवलं त्याच वर्षी हेही शिकवलं होतं: अस्वल दिसलं की पळायचं नाही, त्याला पाठ दाखवायची नाही. तोंड त्याच्याकडं ठेवायचं आणि पावला-पावलानं मागं सरकायचं.

“सरका,” ती म्हणाली आणि पदर खोचून बसली.

लाल बटणाला तिनं हात लावला नाही. दांडी एकदा दाराकडं ढकलली, एक पाऊल झालं, लगेच माणसाचं तोंड मागं फिरवलं. काळं धूड आलं होतं ते जागच्या जागी थांबलं. पुन्हा एक पाऊल, पुन्हा तोंड मागं. धूड पुन्हा थांबलं. खेळाची गोम तीच होती. भूत पाठीवर धावायचं, तोंडासमोर खिळायचं. महिनाभर शेगावचे शूरवीर पाठ दाखवून पळत होते, बटणं बडवत होते, मरत होते.

“जाय बाबा आपल्या वाटेनं,” तानुबाई पडद्याशी बोलत होती. “तुहे मोहं तुले, माहे मोहं मले.”

पहिलं पार झालं. दुसरं झालं. आलेला चहा तसाच निवून साय धरू लागला. तिसऱ्याला दुकानाबाहेर माणसं गोळा झाली, चौथ्याला एका वारकऱ्यानं टाळ काढले. हिंमतराव मध्येच म्हणाला, “काकू, दमल्या असान, राहू द्या.” कोणी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाऊणेक तासानं पाचवं अस्वल मागं राहिलं, कंदीलवाला दारात शिरला आणि डब्यातून अशी काही पिपाणी वाजली की हिंमतरावानंही ती पहिल्यांदाच ऐकली.

“द्या खेळ! द्या खेळ!” गर्दी ओरडली.

“ती स्कीम कालपर्यंत होती…” हिंमतरावानं सुरुवात केली.

“मंग पाटी काऊन लटकून राह्यली बे?” मागून आवाज आला. गुरुवारच्या गर्दीशी कोण हुज्जत घालणार? हिंमतरावानं रडवेल्या तोंडानं खेळ खोक्यात भरला.

तानुबाईनं खोकं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. “हे घेऊन काय करू? आमच्या घरी टीवी नाई. मले पंखा पाह्यजे.”

माणूस बुडता बुडताही धंदा सोडत नाही. हिंमतरावाचे डोळे चमकले. “मंग टीवी घेऊन टाका ना! खेळ तुमच्याजवळ हायच. एकच पीस उरला. काका, तुम्ही सांगा!”

तुळशीरामची मान निघाली होती वरखाली व्हायला. खरंच निघाली होती. पण त्याला लेकराच्या अंगावरच्या घामोळ्या आठवल्या, सूप हलवता हलवता रडणारी बेबी आठवली, आणि त्याला स्वतःचा असा राग आला की मान ताठ झाली. तो उठला. आपली खुर्ची त्यानं हिंमतरावाच्या मागं सरकवली.

“बसा मालक. दमले तुम्ही.” हिंमतराव गोंधळून बसला. तुळशीरामनं निवलेला चहा त्याच्या हातात दिला. “घ्या, चहा घ्या पयले.”

हिंमतरावानं सवयीनं एक घोट घेतला. तिथंच तो फसला.

“हा खेळ पाहा मालक.” तुळशीरामनं खोकं त्याच्या मांडीवर ठेवलं. “घेऊ नका, हातात तं धरून पाहा. अख्ख्या शेगावात एकच पीस हाय.”

“मले माहीत हाय! माहाच हाय तो!”

“होता. आता आमचा हाय. चार वाजता खामगावची पार्टी येऊन राह्यली याच्यासाठी. आन् उद्या भाव वाढते.” बोलता बोलता त्यानं टेबलावरची सुतळी घेतली आणि खोक्याला गाठ मारायला लागला. “तुम्ही घरचे म्हणून सांगतो. एक चांगला पंखा द्या आन् घेऊन टाका. इचार कायले करता?”

लोक पोट धरून हसत होते. हिंमतराव मांडीवरच्या खोक्याकडं पाहत राहिला. खेळ गेला तर कोपरा रिकामा, कोपरा रिकामा तर गर्दी नाही. त्याची मान हळूहळू वरखाली झाली.

नवा पंखा निघाला. तुळशीरामनं तो तिथंच लावून पाव तास फिरवून घेतला, गॅरंटीकार्डावर शिक्का मारून घेतला, तेव्हा कुठं तो पोत्यात घातला.

“हे कवा शिकले हो तुम्ही?” तानुबाईनं हळूच विचारलं. तिच्या आवाजात कौतुक होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात ते त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

“वीस वर्षं झाले,” तुळशीराम म्हणाला, “हरेक दुकानात मलेच तं शिकवून राह्यले.”

दोघं निघाली. तुळशीराम दाराकडं वळला आणि मागून ती हाक आलीच.

“काका, ऐका तं! पंख्याले कव्हर—”

तुळशीरामचे पाय अडखळले. तानुबाईनं त्याचा दंड धरला आणि त्याला गर्रकन हिंमतरावाकडं फिरवलं.

“पाठ दाखवू नोका,” ती म्हणाली. “माह्याबरोबर चाला. एक पाऊल. आता थांबा. पाहा त्याच्याकडं.”

हिंमतराव हातात कव्हर घेऊन उभा होता. नवरा-बायकोनं मधे पंखा धरला होता आणि दोघं त्याच्या डोळ्यांत डोळे घालून एकेक पाऊल मागं सरकत होती. उंबरा ओलांडला, तीन पायऱ्या उतरल्या, रस्ता आला. हिंमतराव जागचा हलला नाही.