बधिर न झालेली दाढ

मी एक जुनी दाढ आहे. खालच्या जबड्यात डावीकडे माझी जागा. माझा धनी सहा वर्षांचा असताना मी त्याची हिरडी फाडून वर आले आणि तो दोन दिवस रडला. मित्रांनो, म्हणजे माझी सुरुवातच कुणालातरी रडवून झाली.

धनी मोठा होऊन वेल्डर झाला. लोखंडी फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा. खाली वर्कशॉप, वर घर. हात गुंतलेले असले की तो तारेचं टोक माझ्यात धरून वाकवायचा, बाटलीचं झाकणही माझ्याकडूनच उघडून घ्यायचा. बघणारे म्हणत, याला पक्कड कशाला हवी! मी हुरळून जायचे. एकदा तार सटकली आणि माझ्या माथ्यावर केसाएवढी चीर पडली. तिच्यात घास अडकू लागला, कुजू लागला. गार पाणी लागलं की मी कळवळून सांगायचे. तो उजवीकडून चावू लागला, एवढंच. बायको दोन वर्षं मागे लागली होती, एकदा दाखवून या म्हणून. तो म्हणायचा, कामं पडली आहेत. खरं सांगू? ठिणग्यांना न भिणारा हा माणूस सुईला भीत होता.

शेवटी कीड माझ्या पोटातल्या नसेपर्यंत पोचली आणि नस सुजली. गाल सुजला तर फुगतो. माझ्या भिंती मात्र दगडाच्या, सुजेनं जायचं कुठं? ती आतल्या आत घण घालू लागली. प्रत्येक ठोका धन्याच्या कानातून डोक्यात शिरायचा.

मग दुखणं थांबवायच्या गोळ्या सुरू झाल्या. आधी दोन, मग चार. भावाकडे उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही त्याने गिळल्या. त्यांचा माझ्या ठणक्यावर काडीचाही उपयोग झाला नाही. चौथ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंतच उपाशीपोटी दहा गोळ्या झाल्या होत्या. पोटात आग आणि जबड्यात घण.

अशा वेळी त्याची आठ वर्षांची लेक जवळ आली. बाबांचा गाल कुरवाळावा म्हणून तिने हात लावला. नेमका माझ्यावरच. धन्याचा हात फिरला. पोर लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटली आणि तिची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं तरी ती बाबांकडे बघत राहिली.

बायकोने पोरीला उचललं आणि दवाखान्यात नेलं.

धनी खाली वर्कशॉपमध्ये गेला. त्याने मोठी पक्कड घेतली आणि माझ्यावर आवळली. मित्रांनो, लोखंडाची ती चव मी विसरणार नाही. त्याने पिळलं, ओढलं, जबडा हलवला. माझा एक कोपरा फुटून जिभेवर पडला, हिरडी चिरली, तोंड रक्ताने भरलं. तो गुडघ्यांवर कोसळला आणि स्वतःचं डोकं ऐरणीवर आपटू लागला.

पोरीला टाके घालून बायको परतली, तेव्हा तो तसाच सापडला. ती दारातूनच म्हणाली, "आत्ता माझ्याबरोबर चला. नाहीतर मी हिला घेऊन निघते, ती कायमची."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा मला नव्हे, त्यालाच विचारलं, किती गोळ्या घेतल्या? तो म्हणाला, दोन-तीन. बायको म्हणाली, दहा. बाईंनी पोटाची चौकशी केली, त्या गोळ्या तिथेच बंद केल्या आणि पोटाला सोसेल असं दुसरं औषध लिहून दिलं. उरलेल्या अँटिबायोटिकबद्दल त्याला चांगलंच सुनावलं. ते जंतूंसाठी असतं, नसेच्या ठणक्यासाठी नाही. कुणाचं उरलेलं तर कधीच घ्यायचं नाही.

मग बधिर करायचं इंजेक्शन. ओठ जड झाला, जीभ जड झाली, पण मी टक्क जागी होते. मशीन माझ्या आत शिरलं मात्र, धन्याने बाईंचं मनगट असं आवळलं की त्यांची बोटं पांढरी पडली.

त्यांनी आवाज चढवला नाही. "हात सोडा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दुखतंय, हे मला पटलंय. सुजलेली नस लवकर बधिर होत नाही. पहिल्याच दिवशी आला असता तर इतकं सोसावं लागलं नसतं."

दुसरी सुई शेजारच्या हाडात गेली. तरी मी धडधडतच होते. मग त्या म्हणाल्या, आता सुई थेट नसेत जाणार, एक क्षण जीव जाईल असं वाटेल. तसंच झालं. धन्याची पाठ खुर्चीवरून वर उचलली गेली, त्याच्या घशातून निघालेला आवाज बाहेर बसलेल्यांनीही ऐकला असेल.

आणि सगळं थांबलं. घण थांबला. बारीक सुयांनी माझी नस ओढून काढली, आत औषध भरलं. पुढच्या आठवड्यात मुळं बुजवली आणि वर कॅप बसवली. आता गार-गरम मला काहीच कळत नाही.

घरी धनी पोरीसमोर जमिनीवर बसला. मग म्हणाला, "माझं फार दुखत होतं गं, म्हणून हात उठला."

तिने भुवईवरच्या पट्टीला बोट लावलं. "माझंपण दुखलं, बाबा. मी कुणाला मारलं नाही."

त्याने मान खाली घातली. 'म्हणून' हा शब्द त्याने त्यानंतर पुन्हा उच्चारला नाही. नुसतं, चुकलं, म्हणाला. पोर आईला चिकटूनच उभी राहिली. अजूनही त्याने काही घ्यायला हात वर केला की ती डोळे मिटते, आणि तो हात हळूच खाली घेतो.

मित्रांनो, दात ठणकला तर त्याच दिवशी घरात सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. औषध त्यांनी सांगितलं तेच आणि तेवढंच घ्या. माझ्यासारखीला खुर्चीत बसवून तासाभरात शांत करता येतं. त्या पोरीचे मिटणारे डोळे मी रोज जेवताना समोर बघते, आणि त्यावर कुठली सुई चालते हे मला ठाऊक नाही.