पोटात प्लास्टिक, पायात लोखंड

मी ट्रक बोलतोय. एवढं म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर तांदळाची पोती, ताडपत्री आणि मागे रंगवलेला शेर आला असेल. ते काढून टाका. माझी लांबी हातभर आणि वजन भोपळ्याएवढं. माझा ड्रायव्हर माझ्यात बसत नाही. दहा पावलांवर उभा राहून रिमोटची बटणं दाबतो. अपघात झाला तर त्याला काही होत नाही. मोठ्या साहेबांचा कारभारही साधारण असाच चालतो, असं ऐकून आहे.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते पोटावर छापलेलं होतं, पण पहिल्याच उन्हाळ्यात ते पुसलं गेलं. तेव्हापासून मी गोंदियाजवळच्या बिरसीचा. तिथं एक मुलगा विमान चालवायला शिकत होता. दिवसा तो विमान उतरवायचा आणि संध्याकाळी मला वसतिगृहाच्या भिंतीवर चढवायचा. विमान सुखरूप उतरायचं. माझं तसं नव्हतं. धडक बसली की माझ्या पोटातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या दातेरी चाकाचा एखादा दात तुटायचा. तो न चिडता दोन पेच काढून नवं चाक बसवायचा आणि मला पुन्हा भिंतीकडे वळवायचा.

शिक्षण संपवून जाताना त्यानं मला मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या सुशिलाबाईंच्या हाती दिलं. सोबत पुडीत तीन सुटी दातेरी चाकं. म्हणाला, "मौसी, टूटे तो यही डालना, प्लास्टिक का. लोहा-पीतल मत डालना. ये टूटता है, इसीलिए अच्छा है."

त्या वाक्याचं बाईंना घरी येईपर्यंत हसू येत होतं. तुटतं म्हणून चांगलं, असं त्यांनी मडकी विकणाऱ्याच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं.

घरी खाटेवर माझे नवे मालक होते: बाईंचे यजमान शालीकराम. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्यांची तुफान-बादल ही बैलजोडी तालुकाभर गाजलेली. मग कोर्टानं पट बंद केले आणि जोडी विकावी लागली. त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून मालक खाटेवर होते. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, दंडारीचा नाच झाला, तेव्हाही ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. दुखत काही नव्हतं, त्यामुळे औषधही नव्हतं.

बाईंनी मला त्यांच्या पायाशी ठेवलं. मालकांनी मला उलटं केलं, झाकण उघडलं आणि आत डोकावून पाहिलं. बैल घेताना आधी दात पाहायचे, ही सवय.

"अवो," ते म्हणाले, "याचे दात त दुधाचेच हायेत."

मला फळीवर जागा मिळाली, बंद पडलेल्या मिक्सरच्या शेजारी. तो फार बोलत नाही. त्याच्या भांड्याखालची प्लास्टिकची चकती एकदा तुटली होती. मालकांनी गोंदियाच्या लेथवाल्याकडून लोखंडी करून आणली. पुढच्याच आठवड्यात हळकुंड अडकलं. चकती तुटली नाही, मोटार जळाली. चकती अजून नव्यासारखी आहे.

त्या वर्षी मंडई कमिटीचे छोटेलाल घरी आले. माइक नेहमी त्यांच्याच हातात असतो, त्यामुळे घरातही ते मैदानाला ऐकू जाईल असं बोलतात. पटाची दाण, म्हणजे बैल पळायचा पट्टा, रिकामी पाहून पाहुणे परत जातात, तर यंदा तिच्यावर रिमोटच्या गाड्या पळवायच्या, असं ठरलं होतं. "कोर्ट का आता रिमोटले बी बइल म्हनते काय?" त्यांनी विचारलं. जाता जाता म्हणाले, "नंदलालनं त सोताचं नाव लिवलं."

नंदलाल हा पटात दरवर्षी मालकांच्या मागे अर्धा सेकंद राहिलेला माणूस. मालक उठून बसले. बाईंनी दाढीसाठी पाणी तापवायला ठेवलं. ट्रक जिंको की उलथो, हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

मालकांनी मला हाती घेतलं. नाल ठोकल्याशिवाय बैल दाणीवर उतरत नाही, तसा ट्रकही उतरता कामा नये, हा त्यांचा सिद्धांत. माझी प्लास्टिकची चारही चाकं काढून लोखंडी बसवली. पोटात पितळेचं दातेरी चाक आलं. बाईंनी त्या मुलाचं म्हणणं सांगून पाहिलं. मालक म्हणाले, ज्यानं जन्मात बैलाचा कासरा धरला नाही त्याला काय कळतं. त्यांना लेथवर पाहून नंदलालनंही आपला ट्रक तिथंच नेला आणि आतून-बाहेरून सगळाच लोखंडी करून घेतला. गावात दोन रणगाडे तयार झाले.

अंगणात सराव करताना मी पाट्याला धडकलो. पितळेचा एकही दात हलला नाही. मालक खूश झाले. तेवढ्यात माझ्या बोनेटमधून धूर आला.

"दम लागला त्याले," ते म्हणाले. मला कडुनिंबाखाली नेऊन त्यांनी समोर पाण्याचं घमेलं ठेवलं. मी प्यालो नाही, याची त्यांना काळजी वाटली.

बाईंनी आधी माझ्याकडे आणि मग फळीवरच्या मिक्सरकडे पाहिलं. त्या मुलाचं वाक्य त्यांना तेव्हा कळलं असावं. मंडईच्या सकाळी मालक दाण बघायला गेले, तेव्हा बाईंनी पेचकस घेतला, पितळेचं चाक काढून पदराला बांधलं आणि प्लास्टिकचं बसवलं. उरलेली दोन त्याच गाठीत. पायातलं लोखंड राहू दिलं. ते बाहेरून दिसतं.

दुपारी कपाळाला हळद, गळ्यात बादलची घुंगरं, अशा थाटात मी धान कापलेल्या बांधीत, दाणीच्या तोंडाशी उभा राहिलो. शेजारी नंदलालचा ट्रक. झेंडा पडला. मालक रिमोट दाबत होते आणि सवयीनं "हुर्र, हुर्र" करत मागे धावतही होते. दोन वर्षं खाटेवर काढलेला माणूस धावतोय हे गाव बघत होतं. मी तेच बघायला वळलो, असं मला वाटतं. खरं कारण एवढंच की, त्यांचं बोट भलत्या बटणावर पडलं होतं.

अर्ध्या दाणीत धानाच्या धसकटांत आम्ही दोघंही अडकलो. नंदलालच्या ट्रकाचं काहीच तुटलं नाही. त्यातून निळा धूर निघाला आणि तो कायमचा शांत झाला. माझ्या पोटात टक् झालं. दोन दात गेले. मोटार फिरत होती, मी जागचा हललो नाही.

छोटेलालनं माइकवर जाहीर केलं, "जिसकी गाडी सुधरेगी, वो फिरसे दौडेगी. पंधरा मिनिट."

बाया बसल्या होत्या तिकडून सुशिलाबाई उठल्या, दाणीत येऊन बसल्या आणि माझं झाकण उघडलं. मालक वाकले.

"हे पितळेचं नोहे," ते हळूच म्हणाले.

"नोहे."

"मंग पितळेचं कुठी हाये?"

"पदरात."

"कायले काढलं? मले सांगाचं त होतं."

"सांगतलं असतं त काढू देल्लं असतं काय? अजी, घरचा मिक्सर आठवा. तुमची चकती शाबूत हाये. चटनी मी पाट्यावर वाटून राहिली."

हे छोटेलालच्या माइकजवळ बोललं गेलं. सगळं मैदान हसलं. नंदलाल सर्वांत आधी हसला, त्याचा ट्रक अजून धुमसत होता तरी. मालकांनी रिमोट खाली ठेवला आणि घराकडे पाहिलं. त्या दिशेला खाट होती.

बाईंनी नवं चाक बसवलं, एक पेच कसला आणि पेचकस त्यांच्यापुढे धरला.

"दुसरा तुमी कसा. माह्यानं जोर नाही लागत."

चाळीस पोरांच्या वरणाचा गंज, म्हणजे भलं मोठं पातेलं, एकटी उतरवणारी बाई हे म्हणत होती. मालकांना ते ठाऊक होतं. तरी ते खाली बसले आणि पेच कसला.

उठून छोटेलालला म्हणाले, "हाकनारा मी हावो. पन जोडी तिच्या नावानं बोल."

मी एकटाच पळालो. समोर कोणी नव्हतं, तरी मालक मागे धावले. एका ट्रकाला जोडी म्हणत छोटेलालनं सांगितलं, "सुशिलाबाई शालीकराम यांची जोडी, एक मिनिट बावीस सेकंद." त्या दाणीवर इतक्या सावकाश कोणी जिंकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नंदलाल मागच्या दारानं आला आणि एखादं प्लास्टिकचं चाक आहे काय म्हणून विचारू लागला. बाईंनी शेवटचं दिलं आणि म्हणाल्या, "आता मोटार आना." तो मोटार शोधतोय.

आज माझी बॅटरी फुगली आहे. मी फळीवर असतो, मिक्सरच्या शेजारी. पितळेचं चाक देवळीत दिव्याखाली ठेवलंय. दर दिवाळीला त्याला चिंचेनं घासतात, आणि एक दिवसही धड काम न केलेली वस्तू जशी चमकावी तसं ते चमकतं. तुटलेलं प्लास्टिकचं चाक केरात गेलं. त्याच्यासाठी कोणी दोन शब्द बोललं नाही, म्हणून हे बोललो.

तुमच्या घरातलं काही तुटलं, तर त्यावर लगेच लोखंड ठोकू नका. आधी बघा, ते कोणाला वाचवायला तुटलं. बाकी मला मागणं नाही. खाट अंगणात उन्हात उभी करून ठेवली आहे. मालक सकाळपासून बाहेर गेलेत, आणि बाई पाट्यावर चटणी वाटताहेत.