चौदा पायऱ्यांवरचा सल्ला

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे आणि आज मी रागात आहे. खुर्चीने रागावू नये असा काही नियम असेल तर तो मला कोणी सांगितलेला नाही.

लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा तयार झाला. चाके बसवल्यावर कारागिराने मला एका बोटाने ढकलून पाहिले आणि "हलकी आहे" म्हणाला. ते माझे पहिले कौतुक. तिथून मी मास्तरांकडे आले. मास्तर जळालेल्या पंख्यांच्या मोटारींत तांब्याची नवी तार भरतात. शिडीवरून पडल्यापासून त्यांना कमरेखाली काही जाणवत नाही, पण हात असे की तार त्यांचे ऐकते. नऊ वर्षे आम्ही दोघे रोज कामावर जातो.

वर्कशॉपच्या पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. मागच्या दाराला उतार आहे, तोही माणसांसाठी नाही, मोटारींच्या हातगाडीसाठी केलेला. अकरा वाजता सगळे कामगार त्याच उताराशी सिगारेट ओढायला जमत. मास्तर तिथे आले की कोणीतरी एक सिगारेट पुढे करी. त्यांचा शेजारच्या टेबलावरचा जोडीदार तर माझ्या पाठीमागच्या पिशवीत अख्खे पाकीट टाकी. कोणी हटकले तर म्हणे, "असू दे की. बिचाऱ्याला दुसरं सुख काय आहे?"

हे ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होई. मास्तर रेडिओवरच्या जुन्या गाण्यांचे वेडे आहेत. भाचीला गणित शिकवताना ते जेवायचे विसरतात. पण हे विचारायला वेळ कुणाला होता? माझ्या उजव्या हातावरच्या रेक्झिनला मात्र ठिणग्यांनी सात भोके पडली.

गेल्या वर्षी मास्तरांना बैठकीच्या जागी जखम झाली. सतत बसून दाब पडला की अशी जखम होते आणि दुखत नसल्यामुळे ती कळतही नाही. ती पहिल्यांदा ताईला, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, दिसली. डॉक्टरांनी जखम तपासली आणि ते ताईकडे पाहून म्हणाले, "हे सिगारेट ओढतात का? बंद करायला सांगा, त्यानं जखम भरत नाही. भरली नाही तर ऑपरेशन, आणि मग कित्येक महिने पालथं पडून राहावं लागेल."

मास्तर समोरच बसले होते आणि त्यांचे कान शाबूत होते. महिनोन्‌महिने पालथे राहायचे म्हणजे हातचे काम गेलेच.

सिगारेट सोडवणारा वर्ग त्याच दवाखान्यात दर सोमवारी भरे. पहिल्या मजल्यावर. चौदा पायऱ्या, लिफ्ट नाही. पहिल्या सोमवारी चार जणांनी आम्हाला उचलले. एकाने सांगाड्याऐवजी चाक धरले, चाक फिरले, मास्तर घसरले आणि नुकती भरू लागलेली जखम पुन्हा उघडली. वर पोचल्यावर एक छापील कागद मिळाला. त्यावर पहिलीच सूचना होती: तलफ आली की उठा आणि चालू लागा. त्या संध्याकाळी मास्तरांनी एकामागून एक तीन सिगारेटी ओढल्या.

पुढच्या सोमवारी मास्तर जिन्याच्या तळाशीच थांबले. शिपायाला म्हणाले, "बाईंना सांगा, मी काही उचलून न्यायचं सामान नाही. त्यांनीच खाली यावं."

वर्ग घेणाऱ्या बाई खाली आल्या. वयाने लहान होत्या आणि ओशाळल्या होत्या. खालच्या पायरीवर बसून त्यांनी विचारले, "तुम्हाला तलफ कधी येते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"अकरा वाजता. सगळे बाहेर असतात तेव्हा. हातात सिगारेट असली की मी त्यांच्यातला. नसली की वाटेतली अडचण."

मग दोघांनी मिळून ठरवले. डॉक्टरांनी लिहून दिलेली, तलफ भागवणारी निकोटिनची गोळी चघळायची. तलफ आली की माझ्या दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचलायचे, टेकायचे, पुन्हा उचलायचे. त्याने जखमेवरचा दाबही हलका होतो. आणि जोडीदाराशी बोलायचे. हे शेवटचे सगळ्यात अवघड होते.

मास्तरांनी पिशवीतले पाकीट काढून त्याच्या हातात ठेवले.

"रागावलास होय? अरे, मायेनं देतो मी."

"मायेनं देतोस म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. जखम भरली नाही तर मी घरी पालथा पडून राहणार. तेव्हा रोज येशील का माझ्याशी गप्पा मारायला?"

जोडीदार पाकीट उलटसुलट करत राहिला. दुसऱ्या दिवसापासून कामगार उतार सोडून कुंपणाकडे जाऊ लागले, आणि जोडीदार अकरा वाजता चहाचे दोन पेले घेऊन मास्तरांच्या टेबलाशी येऊ लागला. सगळे सुरळीत झाले असे समजू नका. मास्तर भाचीवर विनाकारण खेकसले. एकदा चोरून ओढलीही, आणि सोमवारी बाईंना तसे सांगितले. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. उद्यापासून पुन्हा." पाच महिने लागले, पण जखम भरली. ऑपरेशन टळले.

मग माझा राग कशाचा? वर्ग अजून वरच भरतो. जिन्याच्या तळाशी आता दर सोमवारी तिघे असतात: मास्तर, कुबड्या घेतलेल्या एक शिक्षिका आणि पायात सळई घातलेला एक ड्रायव्हर. वरचा वर्ग संपला की बाई धावत खाली येतात आणि येण्याजाण्याच्या वाटेत उभ्या राहून त्यांच्याशी बोलतात. तळमजल्यावर एक चांगली मोठी खोली आहे. बाईंनी ती तीनदा मागितली. तीत जुन्या फायली ठेवल्या आहेत, असे उत्तर आले.

मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घाला, सैल झालेले स्क्रू आवळा, मी तुमचे उपकार मानीन. पण त्याआधी कोणीतरी त्या फायली वर नेऊन ठेवा. नेताना हातातून निसटल्या तरी त्यांना जखम होणार नाही.