पोटातली शिंगं

बिरोबाच्या देवळापुढं सारं गाव लोटलं होतं. अर्जुना देवरुषी एक्स-रेचा फोटो उन्हासमोर धरून घुमत होता, "बघा रं, बघा! ह्ये पांढरं तोंड, अन् ही दोन शिंगं! ह्योच खवीस लेकरं खातोय!"

शिंगं खरंच दिसत होती. बायाबापड्यांनी गालांत मारून घेतलं.

फोटो अंजनाचा होता. लढाई संपून नवरा, बाळासो, पलटणीतून घरी आला, तरी मूल होईना. म्हणून मीच, गावच्या शाळेच्या मास्तरनं, दोघांना मिरजेच्या इस्पितळात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून नीट समजावलं. ते मी घरी सासूला, धोंडुबाईला, पुन्हा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! म्हातारीनं फोटो या भामट्याच्या हाती दिला.

जाळात विळा तापत होता. दोन शिंगांना पोटावर दोन डाग. डावीकडचा मी पोचण्याआधीच देऊन झाला होता. अंजना ओरडलीसुद्धा नाही म्हणे. आताही ती बसली होती, पोट दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखी. माझं मात्र डोकं भडकलं. मी फोटो हिसकावला.

समोर बिराप्पा धनगर हात जोडून उभा होता.

"बिराप्पा, मेंढीची गर्भाची पिशवी कशी दिसते रे?"

"आवं मास्तर, देवाम्होरं ह्ये कशाला…"

"सांग!"

"पिशवी, अन् तिला दोन शिंगं."

"कोकरू कुठं वाढतं?"

तो घुटमळला. "शिंगातच की."

मी फोटो गर्दीकडं वळवला.

"बाईच्या पिशवीलाही दोन बारीक नळ्या असतात. मूल पिशवीत वाढतं, पण बीज येतं नळीतून. डॉक्टरांनी पिशवीत औषध सोडलं, ते फोटोत पांढरं उमटलं. दोन्ही नळ्यांतून पार गेलं, म्हणून शिंगं दिसली. वाट बुजलेली असती तर ती अशी पुरती दिसली नसती. खवीस कसला, डोंबलाचा!"

"मग प्वार का हुईना?" धोंडुबाई म्हणाली.

"ते बाळासोला तपासल्यावर कळेल. डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय, हा जात नाही."

"बाप्यात कुठं खोट असती व्हय?" अर्जुना गुरगुरला. बाळासो गर्दीत मागं सरला.

तेव्हा अंजना बोलली, त्याच्याकडं न बघता. "शिंगं कसली त्ये त्यास्नी म्हाईत हुतं. डाक्तरीण बोलली तवा माज्या शेजारीच हुते."

बाबांनो, कळत नसेल तर भूत म्हणण्याआधी जाणत्याला विचारा. आणि कळलं असेल, तर वेळेवर तोंड उघडा.