पूजेतलं पिस्तूल

नंदकुमार इंगवलेच्या पिस्तुलाला तेरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्याने कोणाचा जीव घेतला असेल तर तो फक्त यामिनीचा. यामिनी म्हणजे नंदकुमारची बायको. ती ठणठणीत होती, गॉलवेच्या विद्यापीठात नोकरीला जात होती, पण घरातला अलार्म पिस्तुलासाठी, खिडक्यांची जाड कुलपं पिस्तुलासाठी आणि जिन्याखालच्या प्रेसमध्ये (इथले आयरिश लोक कपाटाला प्रेस म्हणतात) भिंतीला बोल्टांनी आवळलेली लोखंडी तिजोरीही पिस्तुलासाठी, हे तिला पाहुण्यांना दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागे.

पिस्तूल मात्र होतं देखणं. अमेरिकेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये एका म्हाताऱ्या कारागिराने एकेक भाग कानशीने घासून, एकमेकांत बसवून ते खास ऑर्डरवर घडवलं होतं. जात ड्यूटी पिस्तुलाची. म्हणजे पोलिसाने वर्षानुवर्षं कमरेला लावावं, पावसात भिजवावं, दारावर आपटावं आणि तरी वेळेला ते चालावं, अशा बेताने केलेलं. नंदकुमारची ड्यूटी हृदयात बसवायच्या जाळीदार नळ्यांची मापं तपासण्याची. केसाच्या शंभराव्या भागाएवढा फरक दिसला तर आख्खी बॅच फेकायची, अशी त्याची ख्याती होती. या माणसाने ते पिस्तूल पहिल्यांदा हातात घेऊन मागेपुढे सरकवून पाहिलं तेव्हा त्याला आतून कुठेच खडखड ऐकू आली नाही. लग्न ठरवतानाही त्याची इतकी खात्री पटली नव्हती.

ते घेतलं आणि वर्षभरातच सरकारने नवी पिस्तुलं बंद केली. ज्यांच्याकडे आधीपासून परवाना होता त्यांनी तो सलग वाढवत राहायचा. एकदा खंड पडला की पुन्हा नाही, या जन्मी तरी. शिवाय पिस्तूल बाळगायला ‘योग्य कारण’ लागतं. नंदकुमारचं कारण क्लबात नेमबाजी हे होतं. अडचण एवढीच, की पहिल्या वर्षी थोड्या गोळ्या उडवल्यावर त्याला नळीच्या तोंडाशी एक पुसट चकचकीत रेघ दिसली. घासण्याची. त्या दिवसापासून तो दुसऱ्या जिल्ह्यात, ॲथलोनच्या पुढे असलेल्या क्लबात नेमाने जाई, आपलं पिस्तूल पेटीतून काढून सगळ्यांना दाखवी, सगळे ‘लव्हली, लव्हली’ म्हणत, मग तो ते पुसून पेटीत ठेवी आणि क्लबच्या मालकीच्या एका जुनाट पिस्तुलाने नेम धरी.

२०२० साली परवाना नोव्हेंबरात संपत होता. क्लब बंद, पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी, आणि घरात पद्मिनीबाई. या यामिनीच्या आई. फेब्रुवारीत लेकीकडे चार दिवस म्हणून कोल्हापूरहून आल्या आणि विमानंच बंद झाली.

खंडेनवमीला त्यांनी देवासमोर पाट मांडला. त्यावर विळी, कात्री, नंदकुमारचा लॅपटॉप आणि नात निवेदिताची हॉकीची काठी ठेवली.

“जावईबापू, शस्त्र आणा की.”

“आई, पाया पडून लगेच परत आत ठेवीन हं.”

“असं कसं? नवमीला शस्त्र मांडलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईस्तोवर हलवायचं न्हाई. रात्रभर देवापाशीच ऱ्हायला पायजे.”

“इथला कायदा आहे. हातात नसेल तेव्हा तिजोरीत.”

“कायदा काय देवाच्या आधीचा व्हय?”

यामिनी म्हणाली, “आई, पोलीस पकडतील त्यांना.”

“देवाच्या कामात पकडलं तर पकडू देत.”

नंदकुमारला परवाना हवा होता आणि सासूबाईंशी वैर नको होतं. त्याने कारखान्यात करतो तसा विचार केला: पिस्तूल रात्रभर देवांजवळ राहू शकत नसेल, तर देवांना पिस्तुलाजवळ राहायला काय हरकत आहे? पद्मिनीबाईंनी थोडे आढेवेढे घेतले. दिवा तिजोरीत लावता येणार नाही, हे मात्र त्यांनी स्वतःच मान्य केलं. मग खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, सगळी मंडळी ओळीने तिजोरीत बसली. मध्ये रिकामं पिस्तूल. गोळ्यांचा डबा त्याचा नेहमीच दुसरीकडे कुलपात असे.

“आई, कुंकू कोरडं लावा. लोखंडाला ओल चालत नाही.”

“कोरडं कुंकू टिकतंय व्हय कुठं?” असं म्हणत पद्मिनीबाईंनी बोट पाण्यात बुडवलं आणि पिस्तुलाच्या पाठीवर हळद-कुंकवाची दोन ठसठशीत बोटं ओढली. नंदकुमारने डोळे मिटले. सासूबाईंना वाटलं, भक्तीने. पुसायचं म्हणजे पूजा मोडायची. त्याने तिजोरी लावली.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजेच्या आधीच फोन आला. सार्जंट मॅनियन. परवान्याच्या अर्जासाठी घरची तपासणी बाकी होती आणि त्याला याच बाजूला काम होतं. अकराला आलो तर ग्रँड ना?

“ग्रँड,” नंदकुमार म्हणाला. या देशात ‘चालेल’ म्हणायला आणि ‘नाही’ म्हणायलाही हाच शब्द वापरतात, पण तेवढी सफाई त्याला अजून आली नव्हती.

सार्जंट मास्क लावून आला, अलार्म पाहिला, कुलपं पाहिली आणि दोन मीटर अंतर राखून तिजोरीसमोर उभा राहिला. नंदकुमारने दार उघडलं. आतून झेंडूचा वास आला.

सार्जंटने वाकून पाहिलं. “आणि ही मंडळी कोण?”

“घरातलीच.”

“हं.” तो बराच वेळ खंडोबाकडे पाहत राहिला. खंडोबाही घोड्यावरून त्याच्याकडे पाहत होता, हातात तलवार, बिनपरवाना. “माझी आई कुणाच्याही लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या बाळदेवाची, प्रागच्या बाळाची, मूर्ती बागेत नेऊन ठेवायची. दुसऱ्या दिवशी ऊन पडावं म्हणून.”

“पडायचं?”

“गॉलवेत? छे.”

तोपर्यंत नंदकुमारला डाग दिसला होता. हळद-कुंकवाच्या दोन बोटांच्या कडेने निळसर काळ्या पोलादावर तांबूस गंज चढला होता. तेरा वर्षं त्याने या पाठीला उघड्या बोटाचा घाम लागू दिला नव्हता.

“शेवटचं कधी उडवलंत?” सार्जंटने विचारलं.

उत्तर तयार होतं: लॉकडाऊन, क्लब बंद, काय करणार. पण डागावरून त्याची नजर हटेना. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून पद्मिनीबाईंनी विचारलं, “काय म्हणतोय गं तो?”

निवेदिताने सांगितलं. पद्मिनीबाईंचा ऊर भरून आला. जावयाच्या चारित्र्याबद्दल सरकारी माणसासमोर बोलायची अशी संधी त्यांना आजवर मिळाली नव्हती.

“सांग त्याला, आमचा जावई तसल्यातला न्हाई म्हणावं! गरीब गाय आहे. तेरा वर्षांत एक गोळी उडवली न्हाई. नुसती पूजा करतो.”

निवेदिताला आजीचं सगळं समजायचं, बोलायची मात्र ती गॉलवेतल्या सॉल्टहिलच्या पोरींसारखी. “शी सेज ही नेव्हर फायर्स इट. ही जस्ट, लाइक, वर्शिप्स इट.”

“तसं नाही,” नंदकुमार घाईने म्हणाला, “पहिल्या वर्षी उडवलं होतं.”

सार्जंटने पेन काढलं. “मिस्टर इंगवले, माझी अडचण समजून घ्या. शोभेच्या वस्तूला परवाना लागत नाही. आणि खऱ्या पिस्तुलाला शोभा हे कारण चालत नाही. मला ऐकलं ते वर कळवावं लागेल.”

तो गेल्यावर पद्मिनीबाईंनी देवांना बाहेर काढलं, सगळ्यांना सोनं म्हणून बागेतल्या झाडाची पानं वाटली आणि विचारलं, “चांगला माणूस होता. काम झालं न्हवं?”

“झालं,” यामिनी म्हणाली.

वरिष्ठांचं उत्तर नोव्हेंबरात, मुदत संपायच्या आत आलं. परवाना वाढवला आहे. परंतु क्लब उघडल्यावर अर्जदार हे पिस्तूल नेमबाजीसाठी नियमित वापरतो, असं क्लबच्या सेक्रेटरीने सहीनिशी कळवावं. नाहीतर परवाना रद्द, आणि रद्द म्हणजे कायमचा.

“देऊन टाक रे एकदाचं,” यामिनी म्हणाली. “वापरायचं नाही तर ठेवायचं कशाला?”

“वापरलं तर झिजेल.”

“मी नाही झिजले?”

नंदकुमारने तिजोरीची किल्ली उचलली. तो हिवाळाभर तिजोरीसमोर स्टूल टाकून बसे. वापरलं तर ते पिस्तूल राहणार नव्हतं, जे त्याने घेतलं होतं. न वापरलं तर कुठलंच राहणार नव्हतं. कारखान्यात अशा पेचाला एक मीटिंग ठेवता येते. घरी ती सोय नव्हती.

मे महिन्यात जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठली आणि त्याच रविवारी तो ॲथलोनच्या पुढे गेला. क्लबचा सेक्रेटरी नोएल शेतकरी होता. मास्क हनुवटीवर ठेवून त्याने विचारलं, “आज दाखवणार की उडवणार?”

“उडवणार.”

नोएलने आदराने टोपी सारखी केली.

पिस्तूल हातात कसं बसलं ते नंदकुमारला नंतर नीट सांगता आलं नाही. चाप दाबल्याचंसुद्धा त्याला कळलं नाही, इतका तो हलका होता. धक्का सरळ मनगटातून खांद्यात गेला. मॅगझिनमधल्या गोळ्या संपल्याबरोबर त्याने पिस्तूल बाकावर ठेवलं, खिशातलं भिंग काढलं आणि नळीचं तोंड तपासलं.

“इथे लोक नेमाच्या कागदाकडे बघतात,” नोएल म्हणाला.

कागद गाईने चाटावा तसा स्वच्छ होता. एक भोक शेजारच्या माणसाच्या कागदाला पडलं होतं आणि शेजारचा माणूस त्याबद्दल सौजन्याने गप्प होता.

“रेंजमध्ये वारा आहे का?” नंदकुमारने विचारलं.

“छप्पर आहे.”

जुनाट पिस्तुलाने नेम चुकला की तो इतकी वर्षं पिस्तुलाला दोष देत असे. आता दोष द्यायला जगातलं सगळ्यात निर्दोष यंत्र त्याच्या हातात होतं. नळी काजळली होती, तिला दारूचा उग्र वास येत होता, आणि ती अजूनही कुठे खडखडत नव्हती. ज्या म्हाताऱ्याने ती घासून बसवली, त्याने याचसाठी घासली होती. हे नंदकुमारला समजलं. आवडलं नाही, पण समजलं.

नोएलने क्लबचं पत्र पुढे ओढलं आणि सही केली. “नियमित म्हणजे महिन्यातून दोनदा तरी ये, म्हणजे मला खोटं बोलायला नको. आजचं तुझं झालं. गेलास तरी चालेल.”

नंदकुमारने पेटीकडे पाहिलं, मग डब्याकडे. डब्यात अजून गोळ्या होत्या. त्याने भिंग खिशात टाकलं, मॅगझिन भरलं आणि पाय फाकवून पुन्हा उभा राहिला. या वेळी संपल्यावर त्याने आधी कागदाकडे पाहिलं.

कागद कोराच होता.

“अजून एक,” तो म्हणाला.